देव्हाऱ्यातले दोरे

झरे माणसांशी बोलत, तेव्हाची ही गोष्ट. साळोबा साळिंदर बिब्ब्याचं तेल काढी आणि जळजळीत चोथा झऱ्याकाठी पुरी. "माझ्या कामानं कुणाला इजा झाली तर तू निस्तर," म्हणत तो दर अक्षयतृतीयेला हत्तीला उसाची मोळी देई. हत्ती त्याच्या हाताला वचनाचा दोरा बांधी.

साळोबा म्हातारा झाला. काम थांबलं, मोळीही थांबली.

एका सकाळी कासवीण रडत आली. "भावोजी, चोथा पाझरलाय! पिल्लांना फोड आलेत. दुपारपर्यंत सगळा डोह नासेल!"

साळोबाच्यानं खणवेना. त्याची बायको साळूबाई हत्तीकडे धावली.

"मोळी बंद, वचन संपलं, वहिनी. उद्यापन झालं की दोरा विसर्जन करतातच ना?"

"करतात. माझ्यानं नाही झालं." तिनं देव्हाऱ्यातून आणलेले दोरे पुढे ठेवले. "चोथा पुरला, त्याच वर्षांचे आहेत हे. तेव्हाचा ऊस गोड लागला होता ना, भाऊ?"

खालून कासविणीच्या हाका येत होत्या.

हत्तीनं एक दोरा सोंडेनं उचलून कपाळाला लावला. "कुठं पुरलाय, दाखवा."

सावल्या पायाशी येईपर्यंत शेवटचा खड्डा रिकामा झाला होता.