नारबा आणि उडणाऱ्या माणसांचा पिक्चर

एका गावात एक भोळा मेहुणा होता. मेहुणे सहसा भोळे नसतात, म्हणून तर ही गोष्ट सांगायची.

त्याचं नाव नारबा. एकदा बहीण म्हणाली, चुलीवरच्या दुधाकडे जरा लक्ष ठेव. दूध वर आलं, उतू गेलं, चूल विझली. नारबानं सगळं नीट पाहिलं आणि बहीण आल्यावर तिला पहिल्यापासून सांगितलं. तिनं त्याच दिवशी त्याला नवऱ्याच्या हवाली केलं आणि म्हणाली, आता तुमचं तुम्ही बघा.

नवरा म्हणजे रंगराव. जत्रेजत्रेत तंबू ठोकून पिक्चर दाखवायचा त्यांचा धंदा. तंबूच्या मधोमध पांढरा पडदा. अलीकडे पुरुष बसायचे, पलीकडे बायका. पलीकडून सगळं उलटं दिसायचं, हिरो डाव्या हातानं मारामारी करायचा. बायकांची काही तक्रार नव्हती. कोणत्या का हातानं, मारतोय ना, बास.

पिंपरखेडच्या जत्रेत बावीस वर्षं रंगरावांचा तंबू देवळासमोर लागायचा. यंदा मात्र ती जागा मौत का कुआवाल्यानं मागितली. गावचे सर्जेराव पाटील म्हणाले, तिसऱ्या दिवशी मी स्वतः खेळ बघायला येतो. आवडला तर जागा कायम तुमची. नाही आवडला तर पुढच्या वर्षीपासून ओढ्याकाठी तंबू ठोका. आता ओढ्याकाठी गावातले लोक फक्त सकाळी जायचे, आणि तेही टमरेल घेऊन. रंगरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

पळणारच. कारण पिक्चर. पोस्टरवर पाच माणसं आकाशात उडत होती, एकाच्या हातातून आग, एकाच्या डोळ्यांतून वीज, खाली अख्खं शहर पेटलेलं. रंगरावांनी दोन दिवस जीपला भोंगा लावून गावोगाव ओरडून सांगितलं होतं. आणि आत काय, तर पाच माणसं एका खोलीत बसून दोन तास बोलतात. आपल्यात शक्ती आहे, ती वापरावी का? एक म्हणतो वापरावी. दुसरा म्हणतो मला आई आठवते. तिसऱ्याला पुढचं सगळं आधी दिसतं, तरी तो या पिक्चरमध्ये कसा आला, देव जाणे. एक जण अदृश्य होतो. तो पाचव्या मिनिटाला जो गेला तो परत आलाच नाही. सगळ्यात बरं काम त्याचंच होतं. उडायचं म्हणाल तर शेवटची तीन मिनिटं उडतात, तेही अंधारात.

पहिल्या दिवशी रंगरावांनी नारबाला दारावर उभं केलं आणि बजावलं, लोक मध्येच उठतील, खेळ संपेपर्यंत एकालाही बाहेर सोडू नकोस. नारबानं मान डोलावली.

अर्ध्या तासात लोक उठायला लागले. नारबानं दाराची कनात दोरीनं आवळून बांधली. लोक चरफडत बसले. शेवटी एकदाचा पिक्चर संपला. पण या पिक्चरवाल्यांची एक खोड असते. शेवटी पडद्यावर जाड आवाज येतो की ही गोष्ट इथं संपलेली नाही, आता पुढच्या भागात पाहा. लोक दाराशी आले. नारबा दोरी सोडेना. तो म्हणाला, "खेळ संपला नाही. आत्ताच त्यांनी सांगितलं."

लोकांनी समजावलं, शिव्या दिल्या, दोघांनी पाया पडून पाहिलं. शेवटी कुणीतरी विळा काढला आणि वरपासून खालपर्यंत तंबू फाडून सगळे घरी गेले.

रंगरावांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, अरे गाढवा, जाणाऱ्याला कधी अडवू नये. हात जोडावेत, मानानं वाट द्यावी, पुन्हा या म्हणावं.

"बरं, दाजी," नारबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगराव दोरा आणायला बाजारात गेले. तेवढ्यात तंबूतून एक माणूस बाहेर पडला. त्याच्या खांद्यावर रंगरावांचा भोंगा होता. नारबानं हात जोडले. नुसते हात जोडणं बरं दिसेना, म्हणून पाटलांच्या सत्कारासाठी आणलेली शाल त्याच्या अंगावर घातली, नारळ हातात दिला. सायकलला भोंगा बांधताना सायकल धरली. म्हणाला, "पुन्हा या." माणूस मोठा सज्जन. हो म्हणाला.

रंगराव आले, नारबाकडून सगळं ऐकलं आणि मटकन खाली बसले. मग म्हणाले, बाबा रे, कुणी काही पळवून नेताना दिसला तर हात जोडायचे नसतात. त्याच्यावर झडप घालायची, कमरेला मिठी मारायची, सोडायचं नाही.

त्या संध्याकाळी तंबू निम्माच भरला. पाटलीणबाई तेवढ्या पलीकडच्या बाजूला पहिल्या रांगेत बसल्या होत्या. खेळ रडतखडत शेवटाला आला. खलनायक शक्तीची डबी उचलून पळायला लागला. नारबा दारात उभा होता. त्यानं ते पाहिलं, धोतराचा काचा मारला, मधल्या वाटेनं पळत गेला आणि खलनायकाच्या कमरेवर झडप घातली. पडदा टरकन फाटला. नारबा पलीकडे पाटलीणबाईंच्या पुढ्यात जाऊन पडला, तिथूनच ओरडला, "दाजी, सुटला बघा."

पाटलीणबाई घरी गेल्या आणि पाटलांना म्हणाल्या, पिक्चरमध्ये काही राम नाही, पण शेवटी एक माणूस पडद्यातून बाहेर येतो. पाटील म्हणाले, मग बघितलाच पाहिजे.

इकडे रंगराव रडत रडत पडदा शिवत होते. नारबाला म्हणाले, पडद्यावरचं सगळं खोटं असतं रे. तिथं कुणी मरू दे, पूर येऊ दे, आग लागू दे, आपण जागचं हलायचं नाही. दुसरा कुणी घाबरला तर त्यालाही सांगायचं, बस निवांत, खोटं आहे.

"एवढंच ना," नारबा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी पाटील आले. सत्काराला शाल नव्हती. शाल पांघरलेला एक माणूस पाटलांच्या शेजारीच बसला होता. नारबानं त्याला नमस्कार केला. पुन्हा या म्हटलं की येणारी माणसं आता राहिली नाहीत, हा आला होता.

खेळ सुरू झाला. पाटलांनी तासाभरात सहा जांभया दिल्या. मागे यंत्रापाशी बसून रंगराव त्या मोजत होते. मग शेवटचा भाग आला, हिरोच्या हातातून आग निघाली, आणि नेमकी त्याच वेळी दिव्याची वायर पडद्याच्या कडेला चिकटली. शिवणीपासून पडदा पेटला.

रंगराव ओरडले, आग, आग. लोक दचकून उठले. नारबा शांतपणे पुढं आला. म्हणाला, "बसा निवांत. खोटं आहे. दाजींना सुद्धा खरं वाटतंय बघा."

लोक बसले. पहिल्या दिवशी फाडलेला तंबू अजून शिवायचाच होता, म्हणून धूर सरळ बाहेर गेला. पडदा खालून वर जळत गेला, हिरो पायापासून जळत गेला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पडदा संपला तशी आग संपली, पण पिक्चर चालूच होता. तो आता पलीकडच्या बायकांच्या तोंडावर पडायला लागला. कुणाच्या गालावरून माणसं उडाली, कुणाच्या पदरावर शहर कोसळलं. पाटलीणबाईंच्या डोळ्यांतून वीज निघाली. पाटलांनी ती स्वतः पाहिली. तीस वर्षं त्यांना हीच शंका होती.

पाटील उठले आणि त्यांनी रंगरावांना मिठी मारली. असा शेवट जन्मात पाहिला नाही, म्हणाले. देवळासमोरची जागा तुमची. फक्त उद्या एक दिवस थांबा. उद्या लेकी-जावई येणार आहेत, त्यांना हाच खेळ दाखवा. आवडला की सगळ्यांसमोर नारळ फोडून जागा कायमची देतो.

रंगराव म्हणाले, पडदाच राहिला नाही. पाटलांनी वाड्यावरून मांडवाचं पांढरंशुभ्र कापड मागवलं. चार पिढ्यांची लग्नं त्या कापडाखाली लागली होती. धाकट्या लेकीचं पुढच्या महिन्यात लागायचं होतं. जपून वापरा, म्हणाले.

रंगरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. बावीस वर्षांची जागा वाचली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदाच्या भरात त्यांनी नारबाच्या पाठीवर हात फिरवला आणि कापड त्याच्या हातात दिलं.

"नारबा, तुझं डोकं चालवू नको. पडदा अगदी कालच्यासारखा लाव. तसूभर फरक नको."

नारबा दिवसभर राबला. जेवायलाही उठला नाही. रंगराव नवी शाल आणायला बाजारात गेले ते अंधार पडताना परतले. संध्याकाळी पाटील आले, लेकी आल्या, जावई आले, सगळं गाव आलं. रंगरावांनी यंत्र चालू केलं. उजेड पुरुषांच्या डोक्यांवरून गेला आणि थेट समोरच्या बायकांच्या तोंडावर पडला.

मध्ये दोन बांबू होते. बांबूंना काळ्या चिंध्या लटकत होत्या. खाली राखेचा ढीग होता.

"नारबा," रंगराव कसेबसे म्हणाले, "पडदा कुठाय?"

"हा काय, दाजी. अगदी कालच्यासारखा. डावीकडची चिंधी जळता जळेना, तिलाच वेळ लागला."

पाटलांनी राखेकडे पाहिलं. धाकट्या लेकीकडे पाहिलं. मग ते उठले, दाराकडे निघाले, आणि त्यांच्या मागून लेकी, जावई, सगळं गाव उठलं.

नारबा दारात होता. त्यानं कुणाला अडवलं नाही. कनात वर धरली, हात जोडले आणि एकेकाला मानानं वाट देत सगळ्यांना सांगितलं,

"पुन्हा या. पुढच्या वर्षी ओढ्याकाठी."