पाणी न लागलेला मासा

पवित्र शुक्रवारच्या ऐन सकाळी जमीनदार दोम लिबोरियोने वसईच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली सगळी मासळी उचलून नेली. सात टोपल्या! कशासाठी? तर बंगल्यावर चार पाहुणे जेवायला होते!

ख्रिस्ताच्या मरणाचा हा दिवस. मटणाला कुणी शिवत नाही, होड्याही पाण्यात जात नाहीत. दुपारी उपास सोडायचा तो मासळी-भातावर, हा पणज्यांपासूनचा रिवाज. तो यंदा मोडणार म्हणून बायका डोळे पुसू लागल्या. दुमिंग कोळ्याच्या लेकीला, कार्मेलीणला, मात्र रडू आलं नाही. तिचं डोकं भडकलं. ती तडक बंगल्यावर गेली.

“मालक, आमची मासळी द्या.”

“तुमची? खाडी माझी, तर मासे माझे!” मिशांना तेल चोळत लिबोरियो खिदळला. पाहुणेही खिदळले, फुकटचं जेवायचं होतं ना! “बरं, देतो. पण आधी एक मासा आण. त्याला पाण्याचा थेंबही लागलेला नसावा!”

“आणायचा कशाला? तुमच्याच मुदपाकखान्यात आहे. आमच्या टोपलीतला मोठा शिंगाळा मागवा, आणि एक सुरी.”

शिंगाळा आला. कार्मेलीणने सगळ्यांसमोर त्याचं पोट चिरलं. आत बोराएवढ्या पिवळ्या अंड्यांची गाभोळी!

“घ्या! एकालाही पाणी लागलेलं नाही.”

“हॅट्! ही तर अंडी! जन्माला येतील तेव्हा मासे.”

“अस्सं?” कार्मेलीणने सुरी पुसली. “बाईसाहेबांना सातवा महिना. गेल्या रविवारी चर्चबाहेर तुम्ही आम्हाला रांगेत उभं केलंत आणि म्हणालात, ‘वाका! यांच्या पोटात खाडीचा धनी आहे!’ आम्ही वाकलो. कंबर मोडलेली म्हातारी माणसंसुद्धा वाकली. पोटातलं पोर धनी होतं, तर पोटातली अंडी मासे का होत नाहीत? आणि होत नसतील, तर मालक, आमचे नमस्कार परत करा!”

पाहुण्यांनी माना खाली घातल्या. वरच्या सज्जात बाईसाहेब पोट धरून हसू लागल्या. लिबोरियो लालबुंद झाला, त्याने मिशी चावली, आणि मग त्यालाही हसू आवरेना!

“न्या रे त्या टोपल्या कोळीवाड्यात!” तो नोकरांवर ओरडला. “आणि ऐका! यापुढे पवित्र आठवड्यात खाडीची मासळी कोळीवाड्याची. बंगल्याला एखादा मासा हवा असेल, तर मी स्वतः जाऊन या पोरीकडे मागेन!”