ओढ्याकाठचे तयार बीळ

सागाच्या जंगलात, एका मुरमाड टेकडीच्या पोटात दोन साळिंदर भाऊ राहत असत. मुलांनो, ते बीळ थोरल्याने एकट्याने खणले होते. खणताना दगड निसटला आणि त्याचा पुढचा एक पाय कायमचा अधू झाला. बिळात एक जादा खोली होती, ती त्याने एका सशाला भाड्याने दिली होती. ससा दर पौर्णिमेला भुईमुगाच्या शेंगा आणून देई. त्यातल्या निम्म्या थोरला बाजूला ठेवी. पुरेशा साठल्या की दुसरे बीळ घ्यायचे आणि तेही भाड्याने द्यायचे, असा त्याचा बेत होता. पण साळिंदरांची एक रीत होती. बीळ विकत घ्यायचे, तर आधी एक पावसाळा त्यात झोपून पाहायचे.

धाकट्याला थांबणे माहीतच नव्हते. भर उन्हाळ्यात तो धावत आला. "दादा, कोल्हा ओढ्याकाठचे बीळ विकतोय. चार खोल्या, सगळे तयार. ससे आत्ताच रांग लावून उभे आहेत."

"उन्हाळ्यात सगळीच बिळे कोरडी असतात, बाळा. पाऊस येऊन जाऊ दे."

"तोवर दुसरा कोणी घेईल. तू असाच लंगडत शेंगा मोजत बस."

जवळच्या शेंगा पुरणार नव्हत्या. उरलेल्या द्यायला घूस तयार होती, पण ती म्हणाली, "एका जरी पौर्णिमेला हप्ता चुकला, तर टेकडीवरचे बीळ माझे." थोरल्याने नको म्हटले. तेव्हा धाकटा रुसला, अन्नाला शिवेना. अखेर थोरल्यानेच घुशीपुढे मान हलवली. धाकट्याचे उतरलेले तोंड त्याला पाहवत नव्हते.

कोल्हा खोटे काहीच बोलला नव्हता. त्याला पावसाळ्याबद्दल कोणी विचारलेच नाही. आषाढात ओढा फुगला आणि पाणी चारही खोल्यांत शिरले. भाड्याने राहायला आलेले ससे पिल्ले तोंडात धरून निघून गेले. जाताना एक म्हातारी ससीण म्हणाली, "भाडे कसले मागता? आम्हीच भिजलोय." पौर्णिमा आली. भावांकडे हप्त्यापुरत्या शेंगा नव्हत्या. घूस आली, टेकडीवरच्या बिळाच्या तोंडाशी बसली आणि म्हणाली, "ठरल्याप्रमाणे."

दोघे पावसात बाहेर पडले. नवे बीळ खणायचे तर थोरल्याचा पाय चालत नव्हता, आणि धाकट्याला कधी खणावेच लागले नव्हते. जिथे तो उकरी तिथे चिखल खाली ढासळे. संध्याकाळी खडकात एक खबदाड सापडली. तिच्यात एकटाच मावत होता.

"तू आत हो," थोरला म्हणाला.

"नको, दादा. तू जा. हे सगळे माझ्यामुळे झाले."

"माझा पाय आखडतो आत. हो म्हटले ना, आत हो. आणि काटे मिटून झोप, नाहीतर मलाच टोचशील."

थोरला खबदाडीच्या तोंडाशी, बाहेरच्या बाजूला बसला.

पहाटे बिबट्या आला. थोरल्याने काटे ताठ केले, पण तीन पायांवर त्याला झपाझप वळता आले नाही. धाकटा धडपडत बाहेर आला, तोवर ओल्या गवतावर फक्त काटे पडले होते. त्याने ते एकेक करून वेचले. मग त्यांना ठेवायला जागा शोधू लागला, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आले, की आपल्याला आता कुठलीच जागा नाही. तो ते तोंडात धरून तसाच पावसात उभा राहिला.

तात्पर्य : दुसरे घर घ्यायचे तर ते पावसात पाहावे, आणि त्यासाठी राहते घर कधी अडकवू नये; राहते घर गहाण पडले, की त्यात झोपणारी आपली माणसेही गहाण पडतात.