धुतलेली मुळं

“त्या फांदीला कात्री लावलीस तर याद राख! हात मोडून ठेवीन!”

“मोडा. पण आधी झाड जगू द्या, मग खुशाल मोडा.”

हे भांडण फार फार जुनं आहे. ज्या राजाच्या राज्यात ते झालं, त्याचं नाव आता तिथल्या डोंगरांनाही आठवत नाही. भांडण मात्र आठवतं, कारण ते सासू-सुनेचं होतं आणि भर अंगणात, सगळ्या गावाच्या देखत चाललं होतं. लहानांनो, मोठ्यांनो, नीट ऐका. कोण चूक आणि कोण बरोबर हे ठरवायची घाई करू नका. तशी घाई त्या गावानंही केली होती.

गाव होतं एका कड्याच्या पायथ्याशी. तिथली माणसं वामनवृक्ष करायची. कड्याच्या भेगेत वाऱ्याशी झुंजत वाढलेलं, वयानं आजोबाएवढं पण उंचीनं गुडघ्याएवढं झाड हुडकायचं, खाली आणायचं आणि पसरट कुंडीत जगवायचं. ज्यांना हा खेळ वाटतो त्यांनी एक झाड जगवून दाखवावं, मग बोलावं.

सासू या कामात गावाची गुरू. तिला कुणी शिकवलं नव्हतं. पडली, खरचटली, झाडं मारली, झाडं जगवली, आणि शिकली. ऐन तारुण्यात तिला कड्यावर एक अंजनी दिसली होती, निळ्या फुलांचं रानझाड. ओलं लुगडं पिळून ठेवावं तसा तिचा बुंधा पिळलेला. सासूनं आपल्या लुगड्याची चिंधी फाडून फांदीला बांधली. त्या गावाची रीतच होती, चिंधी बांधलेल्या झाडाला दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

पण तिनं अंजनी उपटली नाही. वर्षानुवर्षं नुसती जाऊन बघून यायची. केस पिकले तेव्हा तिनं एका पावसाळ्यात झाडाच्या एका अंगाची मुळं कापली आणि तिथं पालापाचोळ्याची माती भरली. पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्या अंगाची. बुंध्याजवळ नवी, बारीक मुळं फुटली की मगच झाड हलवायचं, हे तिला मेलेल्या झाडांनी शिकवलं होतं. तोवर तिच्या गुडघ्यांनी दगा दिला. “ही माझी शेवटची,” ती म्हणाली. “यानंतर मी कडा चढायची नाही.”

आता सून. ती सपाटीवरची, रोपमळ्यातली. तिचा बाप वाफ्यांमध्ये रांगेनं रोपं वाढवायचा. लग्नात तिनं बापाकडून एकच गोष्ट मागून आणली होती, मातीसकट गोणपाटात बांधलेली एक चिंच, मनगटाएवढ्या बुंध्याची आणि काठीसारखी सरळ.

उंबऱ्यावर नव्या नवरीचे पाय धुतात. सासूनं पाय धुतले आणि म्हणाली, “या घरात बाहेरून आलेलं धुतल्याशिवाय आत येत नाही. बापाच्या मळ्यातलं बोलणं, खाणं, सगळं इथंच धुऊन ये.”

तिचं नाव राही होतं, ते गिरजा झालं. ज्वारीच्या भाकरीची नाचणीची झाली. तिच्या बोलण्यातला सपाटीवरचा हेल ऐकला की सासू म्हणायची, “पुन्हा मळा आला बघ तोंडात.” चिंच तर दिसताक्षणी गोठ्यामागं गेली. “वाफ्यातलं झाड म्हणजे पाळण्यातलं पोर. त्याला काय घडवायचं?”

सून शिकली. विचारायचं नाही, कारण विचारलं की “तुझ्या बापाकडे चालत असेल” हे ऐकावं लागतं.

आणि मग तो दिवस आला. पावसाची झड थांबली होती. सासूच्या मुलानं अंजनी घोंगडीत बांधून, मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट कड्यावरून खाली आणली. सासू कुंभाराकडे कुंडी आणायला गेली. जाताना सुनेला म्हणाली, “मी येईपर्यंत तिला नीट ठेव.”

सुनेला नीट ठेवायचंच होतं. इतकं नीट, की सासूनं एकदा तरी बरं म्हणावं. तिनं बादलीमागून बादली ओतली आणि कड्याची ती काळी माती सगळी धुऊन काढली. मुळं दोऱ्यांसारखी पांढरी झाली. बारीक मुळं मातीबरोबर तुटून वाहून गेली.

सासू परतली. काखेतली कुंडी खाली पडून फुटली.

“कुणी सांगितलं तुला माती धुवायला?”

“तुम्ही!” सून म्हणाली. तिचा आवाज चढला, आणि आवाजाबरोबर धुतलेला हेलही परत आला. “माझ्या बापाच्या मळ्यात मुळांची माती कुणी धूत नाही. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं ते. पण इथं माझ्या बापाचं काही चालत नाही ना? मला वाटलं, तुमच्या घरची रीत असेल. पहिल्या दिवशी मलाही असंच धुतलंत!”

कुंपणाला टेकलेल्या बायकांनी तोंडाला पदर लावले.

“आई, मी काय म्हणतो...” मुलगा म्हणाला.

“तू गप!” दोघी एकदम म्हणाल्या.

सून आत गेली ती कात्री घेऊनच आली, आणि इथं ते भांडण सुरू झालं, जे तुम्ही पहिल्या ओळीत ऐकलंत.

“मुळं निम्मी राहिलीत,” सून म्हणाली. “एवढ्या पानांना पाणी कुठून पुरवतील? भार उतरवायला हवा. आत्ताच.”

“वाऱ्यानं घडवलेला माथा आहे तो! त्याला कात्री लावणारी तू कोण?”

“ज्यांच्या मळ्यात तुमचा वारा नसतो, ते कात्रीनंच घडवतात!”

“जीभ भलतीच सुटली की गं! उद्या सकाळी बापाच्या घरी चालती हो.”

“होते. पण झाड वाचवून होते. आधी चला गोठ्यामागं.”

सासू गेली. का गेली, हे तिचं तिला माहीत. बहुतेक झाडासाठी गेली असेल. गोठ्यामागं ती चिंच उभी होती, पण काठीसारखी नव्हे. सुनेनं तिचा अख्खा शेंडा मांडीएवढ्या उंचीवर छाटून टाकला होता. त्या बुंध्यातून चहूबाजूंनी नवे धुमारे आले होते, आणि फांद्यांना सुतळीनं दगड टांगून सुनेनं त्या खाली ओढल्या होत्या. पाळण्यातलं पोर हातात काठी घेऊन उभं राहिलेल्या म्हाताऱ्यासारखं दिसत होतं.

सासू वाकली. छाटलेल्या जागेवरून तिनं बोट फिरवलं. कडेनं साल भरत आली होती.

“ही फांदी एवढी खाली का ओढलीस?”

“वरून वारा दाबतोय असं वाटावं म्हणून. तुमच्या कड्यावरची झाडं बघून केलं.”

“हं.” तिनं टांगलेला दगड तळहातावर तोलून बघितला. “दगड जरा जड घ्यायचा.”

अंगणात परत आल्यावर सासू खाली बसली आणि तिनं अंजनीचा बुंधा दोन्ही हातांनी धरला. “मी धरते. तू काप. आणि रडू नकोस, हात हलतो.”

“मी कुठं रडतेय? तुम्ही रडताय.”

कात्री चालली. वाऱ्यानं घडवलेला माथा अंगणात पडला. सासूनं मुलाला ज्या भेगेतून झाड आणलं तिथलीच माती आणायला पुन्हा कड्यावर पिटाळलं. दोघींनी मिळून घरातल्या एका जुन्या कुंडीत झाड त्या मातीत बसवलं, बुंध्याला ओलं गोणपाट गुंडाळलं आणि गोठ्याच्या सावलीत ठेवलं.

“झाडाचं काय होतं ते कळेपर्यंत थांब,” सासू म्हणाली. “मग जायचं ते जा.”

त्यानंतर दोघींमध्ये अबोला. निरोप मुलाच्या तोंडून जायचे, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. बिचारा जेवताना निम्मा वेळ निरोपच पोचवायचा. राहिलेली पानंही गळली. अंजनी नुसतं लाकूड झाली. गाव येऊन बघून जायचं. कड्यावरची माणसं म्हणाली, सुनेनं मारलं. माहेराहून आलेली माणसं म्हणाली, सासूनं मारलं. सगळ्यांचं एवढं एकमत, की चुलीत घाला.

दोघींनीही चुलीत घातलं नाही. सकाळी सासू येऊन नखानं सालीवर बारीकसा ओरखडा काढायची. खाली हिरवं दिसलं की गोणपाटावर पाणी शिंपडायची. संध्याकाळी सून यायची, तोच ओरखडा बघायची आणि ती शिंपडायची. एकमेकींना सांगत नव्हत्या. पण सालीवर ओरखडा एकच असायचा.

पाऊस सरत आला, भाताला लोंब्या आल्या, तेव्हा एके सकाळी सासूनं गोणपाट सोडलं. पिळलेल्या बुंध्याच्या ऐन खोबणीत, जिथं पूर्वी एक पानही नव्हतं, तिथं मोहरीएवढा तांबूस कोंब बसला होता. त्याच्या खाली आणखी एक. आणि मागच्या अंगाला आणखी.

सासू उठली. गोठ्यामागं गेली. चिंच गोणपाटासकट उचलून धापा टाकत अंगणात आणली आणि अंजनीशेजारी ओट्यावर ठेवली. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून तिनं हाक मारली.

“राही!”

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला. कुणी आलं नाही.

“राही, अगं ए! किती हाका मारू?”

सून दारात आली. हाताला नाचणीचं पीठ.

पुढचं काय ते मी आधीच सांगून मोकळी होते, कारण शेवटी बोलायचा मान सासूचा आहे. सून गेली नाही. अंजनीचा नवा माथा जुन्यापेक्षा देखणा झाला, आणि पुढं एका उन्हाळ्यात बुंध्यापासून शेंड्यापर्यंत जांभळ्या-निळ्या फुलांनी भरला. त्या घरात दोन्ही भाकऱ्या होऊ लागल्या. कड्यावरच्या लोकांनी कात्री धरली, मळ्यातल्यांनी वारा बघितला. आणि त्या गावात नवी नवरी आली, की तिचे पाय तर धुतातच, पण तिनं माहेराहून आणलेली मूठभर माती आधी अंगणातल्या कुंडीत मिसळतात.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी सून पीठभरल्या हातांनी दारातच उभी होती, अजून रागात.

“झाड जगलं,” ती म्हणाली. “आता मी जाऊ का?”

सासूनं अंजनीच्या कोंबाकडे बघितलं, चिंचेकडे बघितलं, आणि कधी नव्हे ते आवाज खाली घेऊन म्हणाली, “कुठं जातेस, राही? चुकले ती मी, ज्याला आपल्या दारी रुजवायचं असतं, त्याची माती कधी धुवायची नसते.”