सिदू नावाडी मागे वळला नाही

फार वर्षं झाली, नदीवर पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. बोरतळी गावात सिदू नावाडी होता आणि त्याची बायको होती हौसा. सिदू नावेच्या मागच्या टोकाला उभा राहून वल्हं मारायचा, तोंड पैलतीराकडे. पण मध्यधारेत आला की पाय न हलवता कमरेतून वळायचा आणि काठावरच्या हौसाला बघायचा. ती हात वर करायची. गाव त्याला बाईलवेडा म्हणून चिडवायचं, पण एक खेप चुकली नाही, असं म्हणतात.

एका वर्षी मोठा पूर आला. गाव बुडू लागलं. सिदू माणसं पैलतीरी नेऊन सोडत होता. शेवटी हौसाला जागा मिळाली, तर ती उतरली आणि तिने एका ओल्या बाळंतिणीला बसवलं.

“चढ म्हणतोय न्हवं!” सिदू ओरडला.

“हिला न्या आधी. मी फुडल्या खेपंला येते.”

सिदूने रागातच नाव लोटली.

मध्यधारेत भोवऱ्याने नाव ओढली. सिदूने सगळं अंग पिळून वल्हं दाबलं. फडकं फाटावं तसा आवाज झाला, असं म्हणतात. त्याची कूस फाटली होती. तेवढ्यात मागून हौसाची हाक आली. त्याने जिवाच्या आकांताने वळायला पाहिलं, पण कंबर हलेना. वल्हं सोडावं तर नाव बुडणार. पैलतीरी लोकांनी त्याला धरून फिरवलं, तेव्हा समोर हौसाच्या काठाच्या जागी नुसतं पाणी होतं.

तालमीतल्या नागोजी वस्तादाने त्याची कूस चाचपली. “हितं मांसाचे थर असत्यात, बाजंच्या सुंभावानी एकमेकांवर तिरपे. एका कुशीचा वरचा आन् दुसरीचा आतला मिळून वढत्यात, तवा माणूस वळतो. तुझा वरचाच तुटला. तू वळणार कसा?”

सिदू हमसून रडला. “तिला हे कुठं ठावं, वस्ताद? तिला वाटलं असंल, मी रुसलो.”

पुढे तो बारा वर्षं जगला आणि रोज हौसा उभी राहायची त्या काठाकडे तोंड करून बसला. तो गेला त्या पावसाळ्यात सरळ वाहणारी नदीच बोरतळीपाशी मागे वळली, असं म्हणतात.

आता पूल झालाय, एसटी येते. तरी गावात नवी सून आली की सासू तिला पुलाच्या मध्यावर नेते. सून पाय न हलवता कमरेतून मागे वळते, जुन्या काठाकडे बघते आणि सासूने शिकवलेलं मोठ्याने म्हणते, “हौसाई, त्यो रुसला न्हवता गं.”