लाल चेन, हिरवं मशीन

"...पण लाल मशीनची चेन हिरव्याला बसंल कशी, बाबा? कंपनीच येगळी!"

केरबा मठाच्या ओसरीवर उभा राहून तावातावानं विचारत होता.

खंडेनवमीचा दिवस. त्याचं झाडं कापायचं लाल मशीन देवापुढं पूजेला मांडलेलं. हळदकुंकू, झेंडूची माळ, सगळा थाट. चालू मात्र होत नव्हतं. दोरी ओढायचा भाग मोडून पंधरवडा झालेला, आणि हा शहाणा कंपनीच्याच पार्टची वाट बघत बसलेला. दुसरा लावला तर मशीन बाटतं म्हणे!

पायरीशी इसाक धापा टाकत होता.

जांभळीचं झाड त्याच्या घरावर कोसळलं होतं. आत म्हातारा बाप अडकलेला. जिवंत होता, हाका मारत होता. कुऱ्हाड चालवावी तर हादऱ्यानं वासे मोडून त्याच्याच अंगावर यायचे. म्हणून इसाकनं आपलं हिरवं मशीन लावलं, आणि निम्म्यात चेन तुटली.

"तुझी चेन दे, केरबाभाऊ. तुझं मशीन तसंबी बंदच हाय."

"आज हत्यार हलवत न्हाईत. आन् हलवलं तरी बसायची न्हाई. हे तुझ्या खेळण्यासारखं न्हवं."

दोन वर्षं तो इसाकच्या मशीनला खेळणंच म्हणत आला होता. बाजारात, चावडीवर, चहाच्या टपरीत. दोघांचं काम तेच, हाताला घट्टे तेच. पण ह्याचं लाल!

भिवाबाबा मठातले म्हातारे. तरुणपणी जंगलात करवत ओढलेला माणूस. ते उठले. देवाला हात जोडले. माळ काढून बाजूला ठेवली आणि मशीन उचलून खांद्यावर घेतलं.

"बाबा, पूजा..."

"चल."

इसाकच्या दारात माणसं जमली होती. सगळी सल्ले देणारी. आतनं आवाज आला.

"इसाक... लवकर रं..."

मघापेक्षा बारीक.

बाबांनी पाना मागितला. लालचं झाकण खोललं, हिरव्याचं खोललं. धोतराच्या सोग्यानं आतलं तेल पुसलं. दोन्ही उघडी मशिनं दगडावर शेजारी शेजारी ठेवली.

"ह्यातलं तुझं आतडं कंचं?"

केरबा वाकला. लोखंड सारखं. त्यावरचा शिक्का सारखा. शिक्क्याखालचा आकडाही तोच...

"सांग की."

"...वळखंना, बाबा."

बाबांनी लालची चेन काढली. तिच्या दातांना कुंकू लागलं होतं. ती केरबाच्याच हातात दिली.

"बसव."

ज्या मशीनला दोन वर्षं गावभर खेळणं म्हटलं, त्याच हिरव्यावर केरबा आपली चेन चढवायला लागला. एकदा सटकली. आतनं हाक येईनाशी झाली होती. केरबा काहीतरी पुटपुटत होता. शेजारी वाकलेल्या इसाकला ऐकू आलं.

"बस गं बये... बस..."

बसली.

इसाकनं दोरी ओढली. मशीन धडाडलं. भुसा उडाला. पाव तासात फांदी सुटली, चौघांनी खोड तोलून धरलं आणि म्हातारा रांगत रांगत बाहेर आला. डोक्यात माती, कोपर सोललेलं. डोळे चोळत म्हणाला,

"माझं इडीचं बंडल आत ऱ्हायलं."

माणसं हसली. इसाक हसता हसता रडला. केरबा खाली बसून घाम पुसायला लागला.

आता त्या दोघांची गळाभेट व्हावी की नाही? पण केरबा जात्याच खोडीचा माणूस, त्याला तेवढं कुठलं सुचायला? नजर गेली दगडावरच्या झाकणांकडं. एक लाल, एक हिरवं.

"फसवलं की वो मला, बाबा! एकाच कारखान्यातला माल, वरचा रंग आन् नाव तेवढं निराळं. दुकानदार शपथेवर म्हणला, ह्याची सर कुणाला न्हाई. आन् दोन्हींत काडीचा फरक न्हाई!"

बाबा इसाकच्या बापाच्या केसांतली माती झटकत होते. त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही.

"मग... असायला पायजे हुता?"