केसाएवढी खाच

"सील कितीदा बदललंस?" दस्तगीर उस्तादांनी विचारलं.

"तीनदा. दर वेळी नवंकोरं."

"आणि?"

"तिन्ही वेळा चार दिवसांत पुन्हा गळती सुरू!"

मिरजेच्या त्या गॅरेजात भूपाल सहा वर्षांनी पाऊल टाकत होता. याच उस्तादांच्या हाताखाली तो घडला आणि एके दिवशी निरोपही न घेता स्वतःचं गॅरेज काढायला निघून गेला. आता एका जुन्या मोटारीच्या मागच्या चाकांना फिरवणाऱ्या डिफरन्शियलचं तेल गळायचं थांबेना, म्हणून झक मारत आला होता. खरं सांगायचं तर तेल हे निमित्त. उस्ताद आपल्याला अजून आपलं म्हणतात का, एवढंच त्याला बघायचं होतं.

"उस्ताद, त्या दिवशी मी न सांगता गेलो..."

"सील काढ आधी."

दोघं गाडीखालच्या खड्ड्यात उतरले. भूपालने शाफ्ट सोडवला, त्याला जोडणारा पोलादी फ्लँज ओढून काढला, त्याभोवतीचं तेल अडवणारं सील उचकटलं.

"बघा, यात काही खोट आहे?"

उस्तादांनी सीलकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"डोळे मीट."

"आँ?"

"मीट म्हणतो ना, गाढवा!"

सहा वर्षांनी ते 'गाढवा' कानावर पडलं आणि भूपालला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

उस्तादांनी त्याचं बोट धरलं आणि फ्लँजच्या गुळगुळीत पोलादावरून त्याचं नख हळू ओढत नेलं.

नख अडकलं. केसाएवढी खाच होती.

"कुणी पाडली?"

भूपालने डोळे उघडून खाच निरखली.

"इथं तर नुसती सीलची कड टेकते. पण ते रबर आहे, उस्ताद! हे पोलाद!"

"वर्षानुवर्षं एकाच जागी घासलं की रबरही पोलाद खातं."

"मग नवा फ्लँज हवा. या गाडीचा आता कुठं मिळायचा?"

 उस्तादांनी नवं सील बसवलं, पण पार आत ठोकलं नाही. सूतभर अलीकडेच थांबवलं.

"खाचेच्या शेजारी पोलाद कोरं आहे," एवढंच म्हणाले.

पाचव्या दिवशी भूपाल गाडी घेऊन आला. खाली तेलाचा टिपूस नव्हता. आता यायला निमित्तही नव्हतं, तरी आला. उस्तादांसमोर मान खाली घालून उभा राहिला.

"उस्ताद, आता तरी ऐका. त्या दिवशी मी न सांगता..."



उस्तादांनी तेलकट हात त्याच्या पाठीवर ठेवला.

"परत त्याच जागी घासायला लागलास?"